शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणारे छत

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आणि १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने सुरू झालेले हे नाट्यगृह पुन्हा उभारण्याची घोषणा राज्य शासनाने त्यानंतर केली. नटाचा शब्द स्पष्टपणे शेवटपर्यंत पोहोचणारे नाट्यगृह अशी त्याची कलावंतांमध्ये ख्याती होती. जळालेल्या वास्तूच्या भिंती, कमानी आणि नक्षीकाम जुन्या छायाचित्रांच्या आधारे पूर्ववत करता येते. आवाज मात्र छायाचित्रात उमटत नाही. तो वास्तूच्या आकारात, विशेषतः छताच्या उंचीत, उतारात आणि वजनात दडलेला असतो.

हा प्रश्न केवळ एका नाट्यगृहापुरता मर्यादित नाही. देशात अनेक ठिकाणी नवी सभागृहे बांधली जातात, जुन्यांचे नूतनीकरण होते. त्या वेळी आसने, प्रकाशयोजना आणि वातानुकूलन यांवर बरीच चर्चा होते. छताकडे मात्र वाहिन्या आणि तारा झाकणारे आच्छादन म्हणूनच पाहिले जाते. प्रत्यक्षात उत्तम ध्वनीसाठी नाट्यगृहातील सर्वांत उपयुक्त पृष्ठभाग कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर छत हेच आहे.

छतालाच एवढे महत्त्व का?

मोकळ्या जागेत ध्वनी सर्व दिशांना पसरतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता एक चतुर्थांश होते. रंगमंचापासून ५ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला थेट मिळणाऱ्या ध्वनीच्या तुलनेत २० मीटरवरील प्रेक्षकाच्या वाट्याला केवळ एक सोळांश ध्वनी येतो. शिवाय हा थेट ध्वनी पुढील रांगांतील डोक्यांना आणि आसनांना चाटून जात असल्याने वाटेत आणखी क्षीण होतो.

ही तूट भरून काढण्याचे काम परावर्तित ध्वनीने करावयाचे असते. जमिनीचा त्यासाठी उपयोग नाही, कारण ती आसनांनी आणि प्रेक्षकांनी झाकलेली असते. माणसांचे कपडे आणि गादीची आसने ध्वनी शोषून घेतात. बाजूच्या भिंती उपयोगी पडतात, परंतु रुंद सभागृहात मधल्या आसनांपर्यंत त्यांची मदत उशिरा पोहोचते. रंगमंचावरील नट आणि प्रत्येक प्रेक्षक या दोघांनाही विनाअडथळा सामोरा असणारा मोठा पृष्ठभाग एकच उरतो आणि तो म्हणजे छत.

मिलिसेकंदांचा हिशेब

परावर्तित ध्वनी केवळ पोहोचून चालत नाही. तो वेळेवर पोहोचावा लागतो. थेट ध्वनीच्या पाठोपाठ सुमारे ५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आलेला परावर्तित ध्वनी कानाला वेगळा जाणवत नाही. कान दोन्ही ध्वनींची बेरीज करतो आणि शब्द अधिक भरीव व स्पष्ट ऐकू येतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांनी कानाचा हा गुणधर्म ठळकपणे दाखवून दिला. त्याहून बराच उशिरा आलेला बळकट ध्वनी मात्र पुढच्या अक्षरावर आदळतो आणि शब्द पुसट होतो. विलंब आणखी वाढला की स्वतंत्र प्रतिध्वनी ऐकू येतो. संगीताच्या बाबतीत ही मर्यादा थोडी सैल, सुमारे ८० मिलिसेकंदांची धरली जाते.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो. म्हणजेच ५० मिलिसेकंदांत तो साधारण १७ मीटर अंतर कापतो. थेट मार्ग आणि छतावरून येणारा मार्ग यांच्या लांबीतील फरक १७ मीटरपेक्षा कमी राहिला पाहिजे, हा छताच्या रचनेचा पहिला नियम यातूनच येतो.

एक साधे उदाहरण घेता येईल. नटाच्या मुखापासून आणि प्रेक्षकाच्या कानापासून छत ८ मीटर उंच आहे, असे मानू. २० मीटरवरील प्रेक्षकापर्यंत छतावरून येणारा ध्वनी सुमारे २५.६ मीटर प्रवास करतो, फरक ५.६ मीटरचा, विलंब सुमारे १६ मिलिसेकंदांचा. ५ मीटरवरील प्रेक्षकासाठी हा विलंब सुमारे ३४ मिलिसेकंद होतो. दोन्ही ठिकाणी छत मदतच करते. तेच छत १४ मीटर उंचीवर नेले, तर पुढच्या प्रेक्षकासाठी विलंब ६८ मिलिसेकंदांवर जातो आणि मदत करणारे छत त्रासदायक ठरू लागते. मागच्या रांगांना उंच छताचा जाच कमी आणि पुढच्या रांगांना अधिक, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. परंतु गणित तसेच आहे. म्हणूनच अनेक नाट्यगृहांत रंगमंचाच्या दर्शनी कमानीलगतचे छत खाली उतरते ठेवलेले आढळते.

दुसरा नियम दिशेचा. चेंडू भिंतीवर ज्या कोनात आपटतो त्याच कोनात परततो, तसेच ध्वनीचे असते. छताच्या एखाद्या भागाच्या जागी आरसा बसविला आणि त्यात मागच्या रांगेतील प्रेक्षकाला नट दिसला, तर त्या भागावरून परावर्तित होणारा ध्वनी त्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. वास्तुविशारद नाट्यगृहाचा उभा छेद कागदावर काढून हीच परीक्षा रेषांनी घेतात. मोठ्या प्रकल्पांत लहान प्रमाणातील प्रतिकृती आणि संगणकीय प्रारूपेही वापरली जातात. छताचा पुढचा भाग किंचित तिरका ठेवून ध्वनी मधल्या आणि मागच्या रांगांकडे वळविणे, मागच्या आसनांना अधिक परावर्तने मिळतील अशी पट्ट्यांची मांडणी करणे आणि मागच्या भिंतीजवळील छताचा उतार ध्वनीला रंगमंचाकडे परत पाठविणार नाही याची काळजी घेणे, हा या मांडणीचा गाभा होय. छत आणि मागची भिंत यांचा काटकोन तसाच राहिला, तर नटाला स्वतःचेच वाक्य क्षणभराने परत ऐकू येते आणि त्याची लय बिघडते.

उंची किती असावी?

ध्वनी थांबल्यानंतरही काही काळ सभागृहात रेंगाळतो. हा निनाद ६० डेसिबलने क्षीण होण्यास लागणाऱ्या वेळेस निनादकाल म्हणतात. त्याचे शास्त्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस सेबिन यांनी घालून दिले. १८९५ साली विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द काही सेकंद घुमत राहत असल्याने व्याख्यान समजत नसे. सेबिन यांनी रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मोजमापे केली. निनादकाल हा सभागृहाच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे त्यांनी सिद्ध केले. या ज्ञानाच्या आधारे रचना झालेले बोस्टन येथील सिंफनी हॉल १९०० साली सुरू झाले आणि आजही जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

या सूत्राने छताची उंची थेट निश्चित होते. नाटकासाठी सुमारे १ सेकंदाचा निनादकाल योग्य मानला जातो, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी २ सेकंदांच्या आसपासचा. एक हजार आसनांच्या नाट्यगृहात दर आसनामागे ४.५ घनमीटर जागा ठेवली, तर घनफळ ४,५०० घनमीटर होते. प्रेक्षक, पडदे आणि भिंती मिळून सुमारे ७०० चौरस मीटर शोषण धरले, तर निनादकाल जवळपास १ सेकंद येतो. भव्यतेसाठी छत उंचावून हीच जागा ७ घनमीटरवर नेली, तर निनादकाल दीड सेकंदाकडे झुकतो. अशा सभागृहात गाणे भरदार वाटते, परंतु जलद संवादातील अक्षरे एकमेकांत मिसळतात. सभागृहांच्या ध्वनिरचनेसंबंधी १९६३ च्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस २५२६ मध्ये, नाट्यगृहांसाठी प्रतिव्यक्ती ४ ते ५ घनमीटर घनफळ सुचविलेले आहे.

आकारमानाचा हा विवेक भारताला नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप फार मोठा असल्यास नटाचे शब्द अस्पष्ट होतात, असा इशारा दिलेला आहे. आयताकृती मध्यम मंडपासाठी तेथे ६४ हात लांबी आणि ३२ हात रुंदी सांगितली असून त्यातील निम्मी लांबी प्रेक्षकांसाठी आहे. मंडप पर्वतातील गुहेसारखा, वाऱ्याच्या झोतांपासून मुक्त असावा, म्हणजे स्वर गंभीर राहतो, असेही तेथे नमूद आहे.

घुमटाचा मोह

छताच्या आकारांत सर्वांत आकर्षक आणि ध्वनीच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक आकार घुमटाचा. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास पूर्ण झालेल्या या वास्तूच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तेथील सज्जात एका बाजूस केलेली कुजबुज समोरच्या बाजूस ऐकू येते आणि एक टाळी अनेकदा परतते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी अशा कुजबुजणाऱ्या सज्जांचा अभ्यास केला, त्यात गोलघुमटाचाही समावेश होता. पर्यटकाला मोहविणारा हा चमत्कार नाट्यगृहात मात्र संकट ठरतो.

याचे कारण असे की अंतर्वक्र पृष्ठभाग ध्वनी पसरवीत नाही, तर एका जागी गोळा करतो. काही आसनांवर ध्वनीचा मारा होतो आणि शेजारच्या आसनांवर दुष्काळ पडतो. लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली सुरू झाले तेव्हा उद्घाटनप्रसंगीच त्याच्या प्रचंड घुमटातून परतणारा प्रतिध्वनी जाणवला. घुमटाखाली कापड ताणून पाहण्यात आले. १९४९ मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे बसविण्यात आले. अखेर १९६९ मध्ये फायबरग्लासच्या तबकड्या टांगल्यानंतर प्रतिध्वनी आटोक्यात आला. या तबकड्यांना तेथील रसिक ‘मश्रूम’ म्हणून ओळखतात. आराखड्यातील एका वक्ररेषेची दुरुस्ती होण्यास जवळपास एक शतक लागले.

घुमट हवाच असेल, तर त्याची वक्रता अशी ठेवावी लागते की ध्वनी एकवटण्याचा बिंदू प्रेक्षकांच्या पातळीपासून दूर राहील. वक्रतेची त्रिज्या छताच्या उंचीच्या दुपटीहून अधिक किंवा निम्म्याहून कमी ठेवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. याउलट बहिर्वक्र, म्हणजे प्रेक्षकांकडे फुगीर असणारा पृष्ठभाग ध्वनी चहूकडे विखुरतो. १९६३ साली सुरू झालेल्या बर्लिनच्या फिलहार्मोनी या संगीतगृहात वास्तुविशारद हान्स शारून आणि ध्वनितज्ज्ञ लोथार क्रेमर यांनी तंबूच्या कापडाप्रमाणे खाली झुकणारे छत योजले. रंगमंच मध्यभागी आणि श्रोते सभोवती असल्याने तेथे चारही दिशांना ध्वनी पाठविणारे छत आवश्यक होते.

टांगत्या ढगांचा धडा

छत उंच ठेवून त्याखाली परावर्तक फलक टांगण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आली. व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथील विद्यापीठाच्या आउला माग्ना सभागृहात ती विलक्षण यशस्वी ठरली. वास्तुविशारद कार्लोस राउल व्हियानुएव्हा, शिल्पकार अलेक्झांडर काल्डर आणि ध्वनितज्ज्ञ रॉबर्ट न्यूमन यांनी १९५३ मध्ये तेथे ३१ रंगीत फलक बसविले. त्यांतील २२ छताला आहेत. हे मोठे फलक शिल्पही आहेत आणि ध्वनीचे परावर्तकही. हा विद्यापीठ परिसर २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

न्यूयॉर्कमध्ये मात्र याच कल्पनेने निराशा केली. लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉल २३ सप्टेंबर १९६२ रोजी मोठ्या समारंभात सुरू झाले. छताखाली शंभराहून अधिक षट्कोनी फलक टांगलेले होते आणि त्यांना ‘ढग’ म्हटले जात असे. परंतु श्रोत्यांना चेलो आणि डबल बेस या वाद्यांचे खर्जाचे स्वर पुरेसे ऐकू येईनात. फलकांमधील फटी बुजविण्यात आल्या, इतर अनेक दुरुस्त्या झाल्या. समाधान झाले नाही.

या अपयशात आसनांची वाढविलेली संख्या, रुंदावलेला आकार अशी अनेक कारणे होती. छताशी संबंधित कारण ध्वनीच्या तरंगलांबीत सापडते. सेकंदाला १,००० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, तर १०० कंपनांच्या खर्जस्वराची जवळपास साडेतीन मीटर असते. तरंगलांबीच्या तुलनेत लहान असलेला फलक त्या स्वराला अडवू शकत नाही. स्वर त्याला वळसा घालून वर निघून जातो. त्यामुळे वरचे स्वर परतले आणि खर्ज छताच्या पोकळीत हरवला. फलक टांगावयाचे तर ते मोठे, एकमेकांना जवळ आणि जड असावेत, हा धडा ध्वनितज्ज्ञांनी यातून घेतला.

१९७६ मध्ये या सभागृहाचा आतील भाग पूर्णपणे काढून नव्याने रचण्यात आला. त्या कामात वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांचा सहभाग होता. सुधारणा झाली, तरी तक्रारी पूर्णपणे थांबल्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते पुन्हा एकदा आमूलाग्र बदलून, सुमारे २,७०० आसनांऐवजी २,२०० आसनांसह खुले झाले. साठ वर्षांत दोनदा सभागृह नव्याने घडविण्याची वेळ जगातील एका संपन्न शहरावर आली, ही बाब कोणत्याही बांधकाम समितीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विशेष म्हणजे याच जॉन्सन आणि हॅरिस यांनी मुंबईत नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे टाटा थिएटर साकारले. १९८० साली सुरू झालेल्या या सभागृहात १,०१० आसने आहेत. सतारीचा नाजूक मींड असो वा नटाचे स्वगत, तो ध्वनिवर्धकाविना पोहोचावा, हे येथील उद्दिष्ट होते. न्यूयॉर्कच्या तुलनेत आसने निम्म्याहून कमी असणे, हेच या यशाचे अर्धे रहस्य म्हणता येईल. त्याच मुंबईत १९११ साली सुरू झालेल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्येही वरच्या सज्जातील प्रेक्षकाला शब्द ऐकू यावा, या दृष्टीने छताची रचना केलेली होती. दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ते पुन्हा रसिकांसाठी खुले झाले.

नूतनीकरणात होणाऱ्या चुका

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे ध्वनिरचना म्हणजे ध्वनिशोषण, असा समज करून घेणे. कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या मऊ, सच्छिद्र तंतूंच्या लाद्या निम्म्याहून अधिक ध्वनी शोषून घेतात. त्या संपूर्ण छताला लावल्या की सभागृह शांत आणि ‘आधुनिक’ वाटते. परंतु मागच्या रांगांना मिळणारी मदत नाहीशी होते. नटाला ओरडावे लागते किंवा माइकवर विसंबावे लागते. छताचा पुढचा आणि मधला भाग कठीण, गुळगुळीत आणि परावर्तक असावा. शोषक साहित्य मागच्या भिंतीवर आणि प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या ठिकाणीच वापरावे.

दुसरी चूक हलक्या छताची. पातळ प्लायवूड किंवा पातळ फॉल्स सीलिंग पोकळीवर ताणलेल्या चामड्यासारखे थरथरते आणि खर्ज गिळून टाकते. पखवाज किंवा तबल्याचा डग्गा अशा ठिकाणी पोकळ वाटतो. जाड प्लास्टर, जिप्सम बोर्डचे दोन-तीन थर किंवा मजबूत चौकटीवरील जाड फळ्या यासाठी अधिक योग्य ठरतात.

तिसरी बाब बाहेरील आवाजाची. पत्र्याच्या छपरावर कोसळणारा पाऊस नाटकातील शांत प्रसंग बुडवून टाकतो. जड छत आणि त्यावरील हवेची पोकळी हा आवाज रोखतात. मात्र दिव्यांसाठी आणि वातानुकूलनासाठी ठेवलेली उघडी छिद्रे त्यावर पाणी फिरवितात. म्हणून प्रकाशयोजनेच्या मार्गिका, वाहिन्या आणि अग्निशमन यंत्रणा छताच्या आराखड्यातच आरंभापासून समाविष्ट असाव्या लागतात.

माइक आहे, मग छताची चिंता कशाला, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. ध्वनिवर्धक आवाज मोठा करतो. तो स्पष्ट करीलच असे नाही. घुमणाऱ्या सभागृहात वाढविलेला आवाजही तितकाच घुमतो. शिवाय नटाचा आवाज त्याच्या मुखाऐवजी बाजूच्या पेटीतून आला की प्रेक्षक आणि नट यांच्यातील जवळीक कमी होते. संगीत रंगभूमीवरील गायकनटांनी माइकविना गाजविलेल्या पदांचा वारसा सांगणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळे पटवून देण्याची गरज नसावी.

छताची परीक्षा घेण्यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. रिकाम्या रंगमंचावर उभे राहून एक टाळी वाजविली, तर परतणारा प्रतिध्वनी लगेच कळतो. माइक बंद ठेवून साध्या आवाजात एक उतारा वाचला आणि शेवटच्या रांगेतील, बाल्कनीखालील व कोपऱ्यातील श्रोत्यांनी ऐकू आलेले शब्द लिहून काढले, तर कोठे काय हरवते याचा नकाशाच हाती येतो. अशी चाचणी जुने छत काढण्यापूर्वी घेतली आणि त्यासोबत उंची, उतार व साहित्य यांची नोंद ठेवली, तर नवे छत बसविताना तुलनेला आधार मिळतो. काढून टाकलेले छत पुन्हा ऐकता येत नाही. जेथे आग लागण्यापूर्वी अशी नोंद झालेली नसते, तेथे जुनी मोजमापे, छेदचित्रे आणि त्या रंगमंचावर वावरलेल्या कलावंतांची स्मरणे हाच उरलेला आधार असतो आणि तो पुनर्बांधणीच्या आराखड्याआधी गोळा होणे अगत्याचे ठरते.